पोलीसप्रमुख राहिलेला माणूस त्याच शहरात नगरसेवक झालाय का कुठे?

गोदाकाठची
बाबा गेल्या वर्षी एसीपी म्हणून निवृत्त झाले. आता कॉलनीतल्या मंडळींनी प्रभागातून उभे राहा म्हणून धोशा लावलाय. दोन पक्षांची माणसं घरी चहा पिऊन गेली. बाबा हो म्हणत नाहीत नि नाहीही म्हणत नाहीत. पण सकाळी फिरायला गेले की हल्ली रस्त्यातले खड्डे मोजून येतात, त्यावरून आई काय ते समजली आहे.

मोठ्या साहेबांचं राजकारण माहीत आहे. मुंबईचे आयुक्त सत्यपाल सिंह २०१४ मध्ये नोकरी सोडून थेट बागपतचे खासदार झाले. पण ते दिल्लीला. ज्या शहराचे पोलीस हाताखाली होते, तिथल्याच सभागृहात साधा सदस्य म्हणून जाऊन बसलेलं कुणी आहे का? जमलं का त्याला? जिभेवरचा हुकूम जातो का हो? घरात आम्ही अजून ‘यस सर’वरच आहोत.

क्रेनशॉचा_कोल्हापूरकर
ताई, आहे की. आमच्याकडे, लॉस एंजेलिसला. बर्नार्ड पार्क्स. मी १९९९ पासून याच भागात राहतोय. त्यामुळे हा गृहस्थ आधी बातम्यांत गणवेशात पाहिला आणि मग बारा वर्षं आमचा नगरसेवक म्हणून.

१९६५ ला साधा पोलीस म्हणून भरती, १९९७ मध्ये प्रमुख. शिस्तीला कडक. नागरिकाची कसलीही तक्रार आली तरी ती नोंदवायची आणि चौकशी करायची, असा दंडक त्यांनी घातला. हाताखालची माणसं तिथेच बिथरली. त्यात रॅम्पार्ट नावाच्या पोलीस विभागातलं प्रकरण. एका पोलिसाने मुद्देमालातलं कोकेन लांबवलं, पकडला गेल्यावर शिक्षा कमी व्हावी म्हणून तोंड उघडलं, तर खोट्या केसेस, पेरलेले पुरावे, निरपराध माणसावर झाडलेल्या गोळ्या असं सगळंच बाहेर पडलं. पार्क्सनी खात्यातर्फे अहवाल काढला, पण बाहेरच्यांची देखरेख त्यांना नको होती. २००१ मध्ये कोर्टामार्फत ती आलीच. पोलिसांच्या युनियनला आठवड्यात बारा-बारा तासांच्या तीनच पाळ्या हव्या होत्या, त्यालाही यांचा नकार. आणि महापौर जेम्स हान यांनी प्रचारात युनियनला नेमका तोच शब्द दिलेला.

इथे प्रमुखाची मुदत पाच वर्षं. दुसरी मुदत द्यायची की नाही, हे पाच नागरिकांचं पोलीस कमिशन ठरवतं आणि ते पाच जण नेमतो महापौर. २००२ मध्ये चार विरुद्ध एक अशा मतांनी पार्क्सना नारळ मिळाला.

आमच्या भागातल्या कृष्णवर्णीय लोकांना तो अपमान स्वतःचाच वाटला. २००३ च्या मार्चमध्ये पार्क्स आठव्या मतदारसंघातून उभे राहिले आणि निवडून आले. २००५ मध्ये थेट हान यांच्याविरुद्ध महापौरपदाला उभे! आले चौथे. पण २००१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या ज्या मतांवर हान निवडून आले होते, ती फुटली आणि दुसऱ्या फेरीत दुसरे उमेदवार व्हियारायगोसा यांनी हान यांना पाडलं. आता हा सूड की राजकारण, तुमच्या बाबांनाच विचारा. पोलिसांना हेतू चांगला ओळखता येतो.

तुमचा खरा प्रश्न हुकमाचा. आमच्या सभागृहात सदस्य पंधराच. प्रत्येकामागे अडीच लाखांवर माणसं, म्हणजे तुमच्या हिशेबात जवळजवळ आमदारच. तरी मत एकच. तिथे ‘सावधान’ म्हटल्यावर कुणी ताठ उभं राहत नाही.

मला आठवतात ते एप्रिल-मेचे दिवस. महापौर २० एप्रिलपर्यंत बजेट मांडतो, मग अर्थसंकल्प समिती एकेका खात्याच्या प्रमुखाला समोर बसवून हिशेब विचारते. चॅनेल ३५ वर ते दाखवतात. बायको म्हणायची, याच्यापेक्षा क्रिकेट बघा. पण मंदीच्या वर्षांत त्या समितीचे अध्यक्ष हेच पार्क्स. इस्त्रीचा सूट, समोर कागदांचा गठ्ठा. आणि समोरच्या खुर्चीत पोलीस खातं. ज्या खुर्चीत हे स्वतः बसत होते, तीच! महापौर व्हियारायगोसांना पोलीस हजाराने वाढवायचे होते, त्यासाठी घराघरातून कचऱ्याची फी वाढवली होती. तिजोरी रिकामी, बाकीच्या खात्यांतली माणसं कमी होतायत, आणि माजी पोलीसप्रमुख म्हणतोय की नवी पोलीस भरती थांबवा. दुसरा कुणी बोलला असता तर ‘पोलिसांचा शत्रू’ म्हणून झोडला असता. यांना गाडीपासून ओव्हरटाइमपर्यंत सगळं ठाऊक. मला वाटतं, माजी प्रमुखाचा उपयोग असलाच तर तो हा. बाकी गुन्हेगारीवर भाषण कुणीही ठोकतं.

निवृत्त_लेखापाल
वाचायला छान, पण लॉस एंजेलिसचं सोडा. तिथे पोलिसांचं बजेट शहर मंजूर करतं, म्हणून त्यांचं ज्ञान कामी आलं. आपल्याकडे पोलीस गृह खात्याचे. नगरसेवकाने आयुक्तालयात फार तर निवेदन द्यावं आणि फोटो काढावा. मुंबईत २२७ नगरसेवक, एकेकामागे पन्नास-पंचावन्न हजार लोक, आणि लोकांची तक्रार नळाची, गटाराची. ताई, तुमच्या वडिलांची कायदा-सुव्यवस्था पालिकेच्या दारातच राहणार. त्यांना टेंडर वाचता येतं का, ते विचारा. स्थायी समितीत तेच लागतं. आणि त्या पार्क्सना सभागृहात दोस्त होते का? ते सांगितलं नाहीत.

क्रेनशॉचा_कोल्हापूरकर
लेखापालसाहेब, बरोबर जागी बोट ठेवलंत. दोस्तीत ते कमी पडले. २००८ मध्ये काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या कारभाराच्या, सुपरवायझरपदाला उभे राहिले, कामगार संघटना मार्क रिडली-थॉमस यांच्यामागे गेल्या, हे हरले. २०११ मध्ये सभागृहाच्या निवडणुकीतही संघटनांनी विरोधी उमेदवारामागे पैसा ओतला, तेव्हा जेमतेम पन्नास टक्क्यांच्या वर राहून वाचले. (माझं मत कुणाला, ते घरीसुद्धा सांगितलेलं नाही.) मग हर्ब वेसन सभागृहाचे अध्यक्ष झाले. पार्क्सनी त्यांना पाठिंबा दिला नव्हता. समितीचं अध्यक्षपद गेलं, पुढे २०१२ च्या फेररचनेत यांचा विरोध असूनही मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या. २०१५ मध्ये तीन मुदती संपल्या आणि एकाहत्तराव्या वर्षी बाहेर पडले.

याच सभागृहात आधी टॉम ब्रॅडली होते. तेही पोलीस, पण लेफ्टनंटपर्यंतच पोचलेले. १९६३ मध्ये सदस्य, आणि १९७३ पासून सलग वीस वर्षं महापौर. लेफ्टनंटला वर साहेब असतो, म्हणून पटवून घ्यायची सवय राहते, असा माझा आपला तर्क. तुमचे बाबा एसीपी म्हणजे मधलेच की. चिंता नको.

गोदाकाठची
दादा, काका, दोघांचेही आभार. बाबांना मोठ्या अक्षरात करून वाचायला दिलं. बारा तासांच्या पाळ्यांपाशी थांबून म्हणाले, “आम्हाला कुणी विचारलं होतं, किती तासांची हवी ते?” टेंडरचं वाचून गप्प बसले. मग चष्मा काढला आणि मला म्हणाले, कॉलनीतली नावं एकाच मतदार यादीत आहेत की दोन प्रभागांत विभागलीत, ते बघून ये. आज. संध्याकाळच्या आत.

मी ‘यस सर’ म्हटलं.