डार्विनची पत्रे उरली, फॉक्सची जळाली. मग ‘संवाद’ कुठला?

टाकबोरू :
चार्ल्स डार्विन आणि त्याचा चुलतभाऊ विल्यम डार्विन फॉक्स यांच्या पत्रांवर काल येथे जो लेख आला, त्यात या पत्रव्यवहाराला ‘दोन भावांमधला निःसंकोच संवाद’ म्हटले आहे आणि असे आता होणे नाही म्हणून उसासेही टाकले आहेत. उसाशांना माझी हरकत नाही, ‘संवाद’ या शब्दाला आहे. डार्विनने 1828 पासून पाठवलेली पत्रे फॉक्सने जपली, म्हणून ती आज केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात आहेत. डार्विन मात्र आलेली पत्रे सळईला टोचून ठेवी आणि सळया भरल्या की त्या मोकळ्या करण्यासाठी कित्येक वर्षांची पत्रे एकदम जाळून टाकी. सुमारे 1862 पर्यंत हीच रीत होती, असे त्याच्याच मुलाने, फ्रान्सिसने, लिहून ठेवले आहे. फॉक्सच्या तरुणपणच्या पत्रांपैकी त्यामुळे फारच थोडी उरली. ज्याने डार्विनला कीटकांचा नाद लावला आणि केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्या घरच्या बैठकींना नेले, त्याचाच आवाज जिथे ऐकू येत नाही, तिथे संवाद कसला?

काजवा :
लेख माझा आहे आणि उसासेही माझेच आहेत. आमच्या आजोळी माजघराच्या खुंटीला पत्रांची तार टांगलेली असे. दिवाळीपूर्वी आजोबा ती रिकामी करत आणि कागद बंबात घालत. त्या कागदांत माझ्या आईची सासरहून आलेली पत्रेही असत, म्हणून आजोबांची लेकीवर माया नव्हती असे आपण म्हणाल काय? जून 1828 मधील पहिल्याच पत्रात डार्विन किड्यांची चित्रे काढून फॉक्सला त्यांची नावे विचारतो आणि येथे किड्यांविषयी बोलायला कुणी नाही म्हणून तळमळतो. 1842 मध्ये फॉक्सची पत्नी वारली तेव्हा डार्विनने सांत्वनाचे पत्र लिहिले, आणि 1851 च्या एप्रिलमध्ये आपली दहा वर्षांची मुलगी अ‍ॅनी गेल्यावर काही दिवसांतच ती बातमी त्याने फॉक्सला स्वतः कळवली. समोरच्याची उत्तरे हरवली तरी तो ऐकत होता हे कळायला आणखी कोणता पुरावा लागतो?

हिशेबनीस :
‘निःसंकोच’ या शब्दाचेही मोल ठरवून घेऊ. 1840 पूर्वी इंग्लंडात टपालहशील बहुधा पत्र घेणारा देत असे. 1812 च्या दरपत्रकाप्रमाणे 50 ते 80 मैलांसाठी एका कागदाला 8 पेन्स पडत, दुसरा कागद जोडला की दुप्पट, आणि लिफाफाही कागदच धरला जाई. त्यामुळे कागद भरला की तो आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात पुन्हा लिहिण्याची पद्धत होती. (आपण आंतर्देशीय पत्राच्या कडेने ‘ता. क.’ लिहीत असू, तीच चिकाटी.) श्रूसबरीहून डर्बीजवळच्या ऑस्मॅस्टनला भुंगेऱ्यांच्या गप्पा पाठवणारा हा विद्यार्थी खिसा हलका करत होता तो फॉक्सचा. खासदारांना मात्र टपाल फुकट असे, आणि डार्विनचे मामा जोसाया वेजवुड 1832 ते 1835 खासदार होते. टपालावरून आठवले, माझ्या आतेभावाने पाठवलेले आजीच्या पत्रांचे पाकीट एका कुरियरवाल्याने तीन आठवडे फिरवून शेवटी भिजवून आणून दिले, आणि तेही पैसे आगाऊ घेऊन.

सोयरीक :
आपण तिघेही इंग्रजीतल्या ‘कझिन’ला फसलात. फॉक्सची आई अ‍ॅन ही डार्विनच्या वडिलांची चुलत बहीण, म्हणजे फॉक्स हा डार्विनच्या चुलत आत्याचा मुलगा. त्याला चुलतभाऊ म्हणून कसे चालेल? आणि ज्या एमा वेजवुडशी डार्विनचे 29 जानेवारी 1839 रोजी लग्न झाले, ती या जोसाया मामांचीच मुलगी, म्हणजे त्याची सख्खी मामेबहीण. आपल्याकडे अनेक घरांत मामाच्या मुलीवर पहिला हक्क मानतात, त्यामुळे या लग्नाचे आपल्याला नवल वाटू नये. माझे आईवडीलही आते-मामे भावंडेच, आणि आम्ही चारही जण धडधाकट आहोत.

पैलतीर :
आपण धडधाकट आहात याचा आनंद आहे. माझे आईवडीलही तसेच नात्यातले, आणि माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. चार भावंडांच्या जोरावर असली ग्वाही देऊ नये. खुद्द डार्विनला या लग्नाची धास्ती होती. त्याच्या दहा मुलांपैकी तीन बालपणीच गेली. 1871 च्या जनगणनेत अशा लग्नांविषयी प्रश्न घालावा म्हणून त्याने खटपट केली, पण पार्लमेंटने नकार दिला.

सोयरीक :
त्याचाच मुलगा जॉर्ज याने 1875 मध्ये पाहणी करून धोका समजला जातो त्याहून पुष्कळ कमी असल्याचे म्हटले, ते आपण सोयीने गाळलेत. आपल्या भावाविषयी वाईट वाटते, पण त्याचे खापर सगळ्या रीतीवर फोडू नका.

पैलतीर :
‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. आणि माझ्या भावाविषयी वाईट वाटून घेण्याची गरज नाही, तो आपल्या कामात तरबेज आहे.

टाकबोरू :
धागा पत्रांचा आहे, सोयरिकीचा नाही. आपली भांडणे कृपया अन्यत्र न्यावीत.

काजवा :
नाही, येथेच राहू द्या, कारण ती वाट पुन्हा फॉक्सकडेच येते. पाळीव प्राण्यांवरच्या 1868 च्या ग्रंथात डार्विनने नात्यातल्या संकराचे तोटे सांगताना फॉक्सने कळवलेले उदाहरण नाव घेऊन दिले आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात राहिलेल्या ब्लडहाउंड कुत्र्यांना पिल्ले होईनाशी झाली होती आणि बहुतेकांच्या शेपटीत हाडाची गाठ येत असे. वेगळ्या वाणाशी एकदाच संकर केल्यावर दोन्ही दोष गेले. मामेबहिणीशी लग्न केलेल्या माणसाला त्याचा चुलत-आतेभाऊ हे कळवतो, तो ते छापतो, आणि तरी आपण म्हणता की फॉक्सचा आवाज ऐकू येत नाही!

टाकबोरू :
बरे, कुत्र्यांच्या शेपटीपुरता ऐकू येतो, एवढे मान्य करतो. पण विशीतला फॉक्स त्या किड्यांच्या पत्रांना काय उत्तर देत होता, हे अजूनही कुणी सांगितलेले नाही.

हिशेबनीस :
काही का लिहीना, त्या उत्तरांचे पैसे तरी डार्विननेच भरले असणार.