ट्रेलरमधलं सिंक: पंप कुठला?

कॅम्पिंगच्या ट्रेलरमधल्या सिंकला १२ व्होल्टचा प्रेशर पंप घ्यावा की पायाने दाबायचा असं विचारलंय ना, माझं मत सरळ पायाचा. आम्ही आधी प्रेशर पंप लावला होता, नळ उघडला की आपोआप चालू, मस्त वाटतं, पण घरची सवय जात नाही हो, भंडारदऱ्याला पहिल्याच संध्याकाळी चार ताटं आणि एक कुकर धुण्यात २० लिटरचा कॅन रिकामा! वर एक जॉइंट थेंब थेंब गळत होता, त्यामुळे प्रेशर उतरलं की पंप रात्रभर अधूनमधून घर्रर्र. झोपेचं पार खोबरं. पायपंपाला ना वायर ना फ्यूज, पाय उचलला की पाणी बंद.

टाकी फिक्स करू नका, सिंकखाली दोन कॅन ठेवा, एक चांगल्या पाण्याचा, एक सांडपाण्याचा. सांडपाण्याचा मोठा घ्या, उरलेला चहा, डाळतांदूळ धुतलेलं सगळं तिथेच जातं. २० लिटर म्हणजे २० किलो, हे वजन ॲक्सलजवळ ठेवा, पार मागे टाकलंत तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवतो. चांगल्या कॅनच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक हवंच, नाहीतर कॅन पिचकतो आणि पाणी येईना म्हणून आपण उगाच पंप खोलत बसतो (बसलोय!). ड्रेनच्या पाइपला सलग उतार द्या, मध्ये झोळ पडला की खरकटं अडकतं आणि दुसऱ्या दिवशी वासाने दार उघडवत नाही. सिंकला बूच तर लावाच.