एम ३३ मधले लाल ठिपके: अभ्रिका, तेजोमेघ की निहारिका?

विचारणा (सोलापूर): शाळेसाठी आकाशचित्रांचे फलक करतो आहोत. एम ३३ दीर्घिकेच्या फोटोत सर्पिल बाहूंवर लाल ठिपके आहेत. खाली ‘चमकणाऱ्या निहारिका’ लिहिलं तर चालेल का?

उत्तर: हे ठिपके म्हणजे प्रकाशणारे वायूचे मेघ, म्हणून ‘तेजोमेघ’ लिहा. ‘अभ्रिका’ चूक नाही, पण त्यात प्रकाश अडवणारी काळी धूळही येते. ‘निहारिका’ मात्र टाळाच. नीहार म्हणजे धुकं, त्यामुळे धूसर दिसेल त्याला तो शब्द चिकटतो. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १९२० च्या दशकात अंतरं काढेपर्यंत खुद्द एम ३३ लाही नेब्युला, म्हणजे निहारिकाच म्हणत. मुलांना दीर्घिका आणि तिच्यातला मेघ वेगळे कळायला हवेत.

उत्तर: ‘चमकणाऱ्या’ही नको, ‘प्रकाशणारे’ म्हणा. चमकायला दुसऱ्याचा उजेड पुरतो. इथे तरुण, तप्त ताऱ्यांचे अतिनील किरण हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन उडवून लावतात. तो परत अणूत येऊन पायरी पायरीने उतरतो, तेव्हा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश निघतो. सर्वांत ठळक ठिपका एनजीसी ६०४, विल्यम हर्शेलने १७८४ साली नोंदवलेला. त्याचा विस्तार सुमारे १५०० प्रकाशवर्षं. मृगातला प्रसिद्ध तेजोमेघ जेमतेम २५ चा. तेव्हा ‘ठिपके’ लिहिलंत तर हा आकडा शेजारी हवाच.

विचारणा: आमच्या फोटोत ते गुलाबी आहेत, नेटवरच्यात गडद लाल. रंग कोणता लिहू?

उत्तर: साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढची काच हा लाल प्रकाश बराचसा अडवते, म्हणून गुलाबी. गडद लाल फोटोत बहुधा हायड्रोजन-अल्फा फिल्टरची, म्हणजे याच लाल प्रकाशाभोवतीचा अरुंद पट्टा आत सोडणाऱ्या काचेची, भर असते. फिल्टरचा पट्टा ७ नॅनोमीटर रुंद असेल तर ६५८.४ नॅनोमीटरची नायट्रोजनच्या प्रकाशाची रेषाही आत येते, मग ‘फक्त हायड्रोजन’ लिहू नका. ३ नॅनोमीटरचा ती बहुतांश गाळतो. दीर्घिका आपल्याकडे येत असल्याने हायड्रोजनची रेषा ०.४ नॅनोमीटर सरकते, तेवढी त्यात मावते.

नुसते मेघ दाखवायचे तर साध्या लाल फिल्टरचं चित्र योग्य गुणकाने गुणून हायड्रोजन-अल्फाच्या चित्रातून वजा करतात. गुणक जास्त झाला की ताऱ्यांच्या जागी काळी भोकं पडतात आणि दीर्घिकेचा गाभा काळवंडतो. कमी झाला की तारे उरतात. बहुतेक तारे जेमतेम पुसले जातील तिथे थांबा. मग फोटोखालच्या ओळीत ‘ताऱ्यांचा प्रकाश वजा करून’ हे शब्द हवेत.

नवा फोटो काढणार असाल तर नोव्हेंबरच्या मध्यावर, अमावास्येच्या आसपास, बार्शी रस्त्याने नान्नजच्या पुढे जा. रात्री साडेदहाच्या सुमारास एम ३३ उत्तरेला ७७ अंशांवर असते.

विचारणा: मग ओळ अशी: ‘एम ३३ दीर्घिकेतले स्वयंप्रकाशी तेजोमेघ’?

उत्तर: ‘स्वयंप्रकाशी’ काढा, ऊर्जा ताऱ्यांची आहे. ‘तप्त ताऱ्यांमुळे प्रकाशणारे हायड्रोजनचे तेजोमेघ’ असं लिहा.