ग्रामपंचायतीच्या भोंग्याला माईक: गूजनेक घेऊ का पेजिंग?

कृष्णाकाठ_पलूस:
राम राम मंडळी. आमच्या ग्रामपंचायतीत आवाज मोठा करायचं मशीन (अँप्लिफायर) आहे, देवळावर आन् शाळेवर मिळून चार भोंगे. नळाचं पाणी, रेशन, ग्रामसभा सगळं त्यावरच पुकारतो पण खरी कसोटी पावसाळ्यात, सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 40 फुटाला इशारा आन् 45 ला धोका, तवा पाणी चढायला लागलं की तासा-तासाला सांगावं लागतंय. 2019 च्या पुरात लोक भोंग्याकडंच कान लावून बसली होती. आता हातातला जुना माईक गेलाय. दुकानदार म्हणतोय डायनॅमिक गूजनेक घ्या, क्लार्क म्हणतोय पेजिंग घ्या. शिपाईमामा बोलणार, त्यांना लय बटणं जमत नाहीत.

साउंडवाला_मिरज:
भावा या काय दोन वेगळ्या जाती न्हाईत. गूजनेक म्हणजे वाकणारी मान, पेजिंग म्हणजे टेबलावरचा ठोकळा आन् त्यावर दाबायचं बटण, बऱ्याच पेजिंग माईकला मान गूजनेकचीच असते. काहीत बोलायच्या आधी टिंग-टाँग वाजतंय, त्याला वेगळी पॉवर लागते. तू बघायचं ते आतलं कॅप्सूल, म्हंजे आवाज पकडणारा भाग, ते डायनॅमिक असतंय नायतर कंडेन्सर. कंडेन्सर असलं तर फँटम पॉवर (मशीनमधनं माईकच्या वायरीतून येणारी वीज) नायतर सेल लागणार, बारक्या मशीनला फँटम नसतंयच बऱ्याचदा, आन् ऐन पुरात सेल कुठं शोधणार? डायनॅमिकला काहीच लागत नाही. फक्त तोंड चार बोटांवर ठेवायचं, अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो, मग लोक व्हॉल्यूम वाढवत्यात आन् भोंगा शिट्टी मारतोय.

कोरेगावकर:
बटणवालाच घ्या, दाबलं तर चालू सोडलं तर बंद असा. आमच्याकडं साधा स्विच होता, एकदा चालूच राहिला आणि पाणीपट्टी कुणाकुणाची थकलीय ही आतली चर्चा अख्ख्या गावानं ऐकली 😂 नावासकट. दोन दिवसात निम्मी वसुली झाली ते सोडा, पण भांडणं किती झाली विचारू नका.
आणि कंडेन्सर नकोच, तो आजूबाजूचा आवाजही ओढतो, आमच्या हापिसाला पत्रा आहे, पाऊस आला की पुकारणाऱ्यापेक्षा पत्राच मोठ्यानं बोलायचा.

कृष्णाकाठ_पलूस:
😂 म्हणजे बटणवाला डायनॅमिक. अजून एक, मशीन आतल्या खोलीत आहे, टेबल 40 फुटावर, जुन्या माईकला सारखा घूं आवाज यायचा.

साउंडवाला_मिरज:
वायरचा घोळ असणार. मशीनला माईकसाठी तीन पिनी गोल सॉकेट (एक्सएलआर) असलं तर बॅलन्स्ड वायर टाक, आत दोन तारा आन् वर जाळी, बाहेरचा घूं दोन्ही तारांत सारखाच शिरतो आन् मशीनमधी वजा होतो. साधी जॅक पिन असली तर एवढ्या लांब ओढू नको, मशीनच टेबलाजवळ आण, भोंग्याची वायर लांब गेली तर चालतंय, माईकची नको. आन् लाईटच्या वायरीला चिकटवून तर अजिबात नको. मशीन 12 व्होल्टवर चालतंय का बघ, चालत असलं तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडता येती, पुरात लाईट पहिली जाती.

सातारकर_74:
रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद हा नियम आहे बरं का, पण आणीबाणीला त्यात सूट आहे, पाणी चढत असलं तर बिनधास्त पुकारा. रेशनचं मात्र सकाळी.

कृष्णाकाठ_पलूस:
बघितलं, जॅक पिनच आहे. मशीन उद्या टेबलाजवळ आणतो. 12 व्होल्टचे दोन स्क्रू आहेत मागं, शिपाईमामा म्हणतायत बॅटरी माझ्या ट्रॅक्टरची.