रेडिएटर नवा, तरी घाटात गाडी तापते

नवा रेडिएटर टाकूनही कसारा घाट चढताना तापमानाचा काटा लालकडे जातो आणि सपाटीला खाली येतो, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी पंखा बघा. घाटात वेग कमी, समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. पंखा इंजिनावर चालणारा, व्हिस्कस क्लचचा असेल (हा क्लच तापल्यावर पंख्याला इंजिनाशी घट्ट जोडतो), तर गाडी तापल्यावर इंजिन बंद करून तो हाताने फिरवा. भिंगरीसारखा मोकळा फिरला तर क्लच गेला समजा. पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून असलेलं आवरण, परत बसवलं का? आमच्या मेकॅनिकने 'नंतर लावू' म्हणत ते गॅरेजातच ठेवलं होतं, आणि मी दोन महिने थर्मोस्टॅटला (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेला) शिव्या देत होतो!

थर्मोस्टॅट काढूनच टाका, असा सल्ला तुम्हाला कुणी दिलाय, तो मात्र ऐकू नका. काही इंजिनांत तो काढला की बरंच पाणी बायपासमधूनच (रेडिएटर टाळून जाणाऱ्या आडवाटेने) फिरतं, रेडिएटरकडे कमी जातं, आणि गाडी उलट जास्त तापते.

रेडिएटरच्या झाकणाचा रबर कडक झाला असेल तर दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं. स्वस्तातलं काम आहे, बदलूनच टाका. शेवटी, इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडून गाडी सुरू करा. अडकलेली हवा थोड्या वेळात निघून जाते. बुडबुडे थांबतच नसतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) तपासायला लावा.