बंद होणारी दगडखाण: नाला जुन्या पात्रात आणावा की वळवलेलाच ठेवावा?

मंडळी, मदत हवी आहे. ग्वाल्हेरजवळची वालुकाश्माची खाण बंद करतोय. काम सुरू असताना नाला खाणीच्या कडेने वळवला होता, साधारण चारशे मीटर. आता लीज परत करायची आहे, म्हणजे पुढे डागडुजीला कोणी नसणार. खरी अडचण तीच.

वळवलेल्या पात्राचा वरचा भाग खडकात कापलेला, तो ठणठणीत आहे. खालच्या वळणावर मात्र मातीचा बांध आहे आणि पाणी थेट त्यावर आदळतं. कोरडं पिचिंग (सिमेंटशिवाय दगड रचून केलेलं अस्तर) केलं, तर पावसाळ्यात दगड जागेवर राहिले आणि मागची माती वाहून गेली. फटीत हात कोपरापर्यंत जातो. भरावावरचं पाणी अडवायला वरच्या अंगाला चर आहे, तो साफ केलाय.

जुनं पात्र आता आठ-नऊ मीटर भरावाखाली आहे. भराव अजून खचतोय, त्यामुळे वर नाला आणला तर पाणी आत मुरेल अशी भीती.

‘खड्ड्यातच सोडा, तलाव होईल’ हे सुचवू नका. खालच्या गावाचा तलाव याच नाल्यावर भरतो, शिवाय खाणीच्या भिंती उभ्या आहेत, गुरं पडतात. वालुकाश्म गौण खनिज असल्याने राज्याचे नियम लागतात, ती कागदपत्रं बघतोय. प्रश्न फक्त तांत्रिक आहे.

वळणावर पिचिंगखाली बारीक खडीचा फिल्टर थर आणि वर गॅबियन (दगड भरलेले तारेच्या जाळीचे पिंजरे) पुरेल, की वळणच काढून खडकातून सरळ वाट द्यावी? आणि कायमच्या पात्रासाठी किती वर्षांतून एकदा येणारा पूर धरता?