रविवारचा चार्जरवाला डेमो: परवानगी कोणी दिली?

राणे वहिनी (बी-३०४): रविवारी हॉलमध्ये 'एका मिनिटात फुल चार्ज'वाल्यांना बसायला परवानगी कोणी दिली? आमच्या नानांनी ५०० रुपये भरून बुकिंग करून टाकलं. पावतीवर ना पत्ता, ना जीएसटी नंबर.

चौधरी, सेक्रेटरी (ए-१०१): वहिनी नमस्कार. हॉलचं भाडं सोसायटीच्या खात्यात जमा आहे. कोणावर जबरदस्ती झालेली नाही.

राणे वहिनी: वॉटर फिल्टरच्या वेळीही हेच ऐकलं होतं. परवानगी कोणी दिली?

पंकज (सी-२०२): वहिनी, पण डेमो भारी होता. १२ वरून सरळ १०० टक्के. माझ्याकडे व्हिडिओ आहे.

भारंबे सर (ए-४०३): फोन कोणाचा होता? बॅटरी किती एमएएचची?

पंकज: फोन त्यांचाच. एमएएच नाही विचारलं.

सुनंदाताई (बी-१०२): गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? बिबड्या घालायच्या आहेत, ऊन चढल्यावर वर पाय ठेववत नाही.

भारंबे सर: दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी वीज मोजण्यातच गेली, म्हणून लिहितो. एमएएच म्हणजे बॅटरीत किती साठतं त्याचं माप. हल्लीच्या फोनची बॅटरी साधारण ५००० एमएएच. ३.८५ व्होल्टने गुणा, १९ वॉट-तासांच्या वर जाते. तासाभरात भरायची तर १९ वॉट पुरतात. एका मिनिटात भरायची तर ६० पट, म्हणजे ११५० वॉट, तेही काही वाया गेलं नाही तर. घरातली इस्त्री १००० वॉटची असते. एवढी वीज त्या मुठीएवढ्या चार्जरमधून आणि बारीक वायरीतून गेली? यूएसबी-सीच्या २०२१ च्या मानकातही कमाल मर्यादा २४० वॉट आहे.

तुषार (सी-४०१): म्हणजे नानांनी चार्जर लावला की लिफ्ट बंद 😄 तशीही बंदच असते म्हणा.

चौधरी, सेक्रेटरी: लिफ्टचे पैसे कोणाकडे थकले आहेत ते इथे लिहू का?

तुषार: लिहा ना काका. माझ्याकडे मार्चपर्यंतच्या पावत्या आहेत.

चौधरी, सेक्रेटरी: आता मे चालू आहे.

राणे वहिनी: लिफ्टचं नंतर. परवानगी कोणी दिली?

पंकज: सर, चीनमध्ये ३०० वॉटचं चार्जिंग झालंय ना?

भारंबे सर: झालंय, मी नाकारतच नाही. २०२३ मध्ये शाओमीने ३०० वॉटने ४१०० एमएएच पाच मिनिटांच्या आत भरून दाखवली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये रिअलमीने ३२० वॉटने ४४२० एमएएच साडेचार मिनिटांत. त्यासाठी बॅटरीचे चार सेल करावे लागले. एवढ्या मोठ्या कंपन्या साडेचार मिनिटांवर अडतात आणि हा गडी टेबल मांडून एका मिनिटाचं बुकिंग घेतो? २०१४ मध्ये इस्रायलच्या स्टोअरडॉटने तर ३० सेकंदांचा डेमो दिला होता. ती फोनची बॅटरी बाजारात आलीच नाही, कंपनी पुढे गाड्यांच्या बॅटऱ्यांकडे वळली.

भारंबे सर: पंकज, व्हिडिओ परत बघ. ८० टक्क्यांनंतर आकडा मंदावतो का?

पंकज: नाही सर. १२ पासून १०० पर्यंत एकसारखा पळतोय.

भारंबे सर: तिथेच गडबड आहे. लिथियम बॅटरी भरत आली की करंट कमी करावाच लागतो, म्हणून शेवटचे २० टक्के रेंगाळतात. सगळ्यांच्या फोनला होतं ते. जबरदस्तीने रेटलं तर लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरात न शिरता वरच साचतं. बॅटरीची ताकद कायमची जाते, आतून शॉर्ट व्हायचीही भीती. खरी बॅटरी अशी भरत नाही. मला तरी तो स्क्रीनवरचा नुसता आकडा वाटतो.

नाना राणे (बी-३०४): मले कोनी फसोलं नही. पोरगा सभ्य होता, पाया पडला माह्या. रातले लाइट जाते, फोन अर्धाच भरेल ऱ्हायते. एका मिनिटात भरला असता त कामाचं होतं.

भारंबे सर: नाना, तुमची अडचण खरी आहे. त्याला चांगला पॉवर बँक पुरे. त्यावर बीआयएसचं, म्हणजे सरकारी मानक संस्थेचं चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नंबर हवा. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो. मी संध्याकाळी येतो, दाखवतो. आणि फोन खिडकीत चार्जिंगला ठेवू नका. ४५ अंशांच्या वर या बॅटऱ्या चार्ज करायच्याच नसतात, आणि भुसावळात मे महिन्यात सावलीतच पारा तिथे जातो.

सुनंदाताई: किल्ली?

तुषार: ताई, वॉचमनकडे आहे. डबे मी वर आणून देतो, लिफ्ट नाही ना.

राणे वहिनी: चौथ्यांदा विचारते. परवानगी कोणी दिली?

चौधरी, सेक्रेटरी: मी दिली. कमिटीला विचारून दिली. प्रत्येक वेळी सेक्रेटरीच का सापडतो? पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणी हे पद घ्या, मी आनंदाने सोडतो.

भारंबे सर: चौधरी, पद सोडू नका, पैसे परत आणू. त्यांचा नंबर लागतोय का?

चौधरी, सेक्रेटरी: सकाळपासून बंद येतोय.

राणे वहिनी: मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करू. पैसे दिलेल्यांनी नावं टाका. १) नाना राणे, बी-३०४, ५००

सुनंदाताई: २) बी-१०२, ५००

पंकज: ३) सी-२०२, १०००. दोन घेतले होते.

चौधरी, सेक्रेटरी: आज रात्री ८ ला हॉलमध्ये पावत्या घेऊन या. हॉलच्या बुकिंगचा अर्ज आणि त्यांच्या आधारची झेरॉक्स माझ्याकडे आहे, ती आणतो.